डायपरच्या आधी

ज्या घरात वडीलधाऱ्या माणसाची लघवी कपड्यातच होऊ लागते, त्या घरात पुढे काय काय घडतं याचा क्रम आता जवळपास ठरून गेला आहे. आधी ती व्यक्ती स्वतःच गोष्ट लपवते. लुगड्याची घडी आत घेते, ओलं धोतर अंधारातच धुऊन टाकते, लग्नाकार्याला जाणं बंद करते. घरच्यांना कळलं की तिचं पाणी कमी केलं जातं, संध्याकाळचा चहा बंद होतो, अंथरूण मागच्या खोलीत जातं. मग कुणीतरी मेडिकलमधून डायपरचं पाकीट आणतं. दवाखान्यातून सुट्टी झालेला रुग्ण असेल, तर तो लघवीची नळी आणि पिशवी घेऊनच घरी येतो. या सगळ्यात एक पायरी बहुतेक वेळा येतच नाही. लघवी का सुटते आहे, हे कुणी विचारत नाही. वर्धा शहरात काय किंवा सेलू, देवळी, समुद्रपूरकडच्या गावांत काय, घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्यांना हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे : हा क्रम उलटा आहे. कारण शोधणं, वेळ बांधून देणं आणि संडास माणसाच्या जवळ आणणं ही कामं आधीची. डायपर आणि नळी त्यानंतरची, आणि तीही ज्यांना खरोखर दुसरा इलाज नाही त्यांच्यासाठी.

यावर पहिला आक्षेप वयाचा असतो. ‘सत्तरी उलटली, आता हे व्हायचंच,’ असं घरचे म्हणतात, आणि कधीकधी तपासणारेही म्हणतात. वयाबरोबर मूत्राशयाची साठवण कमी होते, रात्री उठावं लागतं, पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, पाळी गेल्यावर बायकांच्या मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं, हे सगळं खरं आहे. पण रात्री दोनदा उठावं लागणं वेगळं आणि उठायच्या आतच कपडे भिजणं वेगळं. बर्नार्ड आयझॅक्स या ब्रिटिश डॉक्टरांनी वृद्धांचे चार मोठे शत्रू एका रांगेत मांडले होते : हालचाल थांबणं, तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं आणि बुद्धी मंदावणं. तेव्हापासून वार्धक्याचं वैद्यक या चौघांकडे आजाराची खूण म्हणून पाहतं, म्हणजे ज्याच्या मागे जाऊन कारण शोधायचं असतं असं काहीतरी. आपल्याकडे मात्र तोल जाऊन पडलेल्या म्हातारीचा एक्स-रे निघतो आणि कपडे ओले करणाऱ्या म्हातारीला वेगळं अंथरूण मिळतं.

कारण शोधायचं म्हणजे फार मोठ्या तपासण्या करायच्या असंही नाही. खोकताना, शिंकताना, डोक्यावर भारा उचलताना थोडी थोडी सुटते का? की लागल्याबरोबर इतकी घाई होते की न्हाणीच्या दारापर्यंतही पोचता येत नाही? की दिवसभर थेंब थेंब गळते, धार बारीक येते आणि पोट खाली फुगल्यासारखं वाटतं? की मूत्राशयाचं काम नीट चाललं आहे, पण गुडघे उचलत नाहीत, साडी सोडायला बोटं चालत नाहीत, संडास कुठल्या बाजूला आहे हे आठवत नाही? या चार प्रश्नांची उत्तरं घरात बसूनही निम्मी मिळतात आणि प्रत्येक उत्तराचा उपाय वेगळा आहे. तिसरं उत्तर सर्वांत धोक्याचं. त्यात मूत्राशय कधी पूर्ण रिकामंच होत नाही. भरलेलं पाणी काठावरून ओसंडावं तशी लघवी गळत राहते आणि मागे तुंबलेल्या दाबाने मूत्रपिंड खराब होऊ शकतं. अशा माणसाला नुसता डायपर लावला तर वरवर सगळं कोरडं आणि आवरलेलं दिसतं, आतला धोका मात्र वाढत जातो. ‘आधी कारण’ हा माझा आग्रह निव्वळ तत्त्वाचा नाही, तो या एका गोष्टीमुळेच पुरेसा ठरतो.

तात्पुरती कारणं तर याहून साधी असतात. लघवीत जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, कुठल्याही आजारात अचानक आलेला भ्रम, आणि सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे बद्धकोष्ठ. आठ-आठ दिवस पोट साफ नसलं की मळाचा गोळा मूत्राशयावर दाब देतो. त्याच गोळ्याच्या कडेने पातळ मळही झिरपतो, आणि घरचे त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात. म्हणजे दुखणं अजून वाढतं. औषधांची वेळ हेही असंच. रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तर रात्रभर अंथरूण ओलं होणारच. डॉक्टरांना विचारून ती सकाळी आणता येते. दिवसभर खाली लोंबणारे पाय सुजतात आणि आडवं झालं की तेच पाणी लघवीवाटे बाहेर पडतं. दुपारी तास-दोन तास पाय उशीवर ठेवले तर रात्रीचा बराच भार दिवसा उतरतो. सर्दीच्या, खाजेच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी लघवी अडते किंवा जाग येत नाही. यांतल्या कुठल्याच गोष्टीला ऑपरेशन लागत नाही. लागतं ते एवढंच की कुणीतरी गोळ्यांची पिशवी जमिनीवर उलटी करून बघावी आणि शेवटचं पोट कधी साफ झालं हे विचारावं.

पाणी तोडण्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण हा जिल्हा वर्ध्याचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पत्रे रात्री अकरापर्यंत गरम असतात. अशा दिवसांत लघवी सुटते म्हणून पाणी कमी पिणं हा घरोघरचा उपाय आहे, आणि तो सुचवणारी सून-लेक वाईट हेतूने सुचवत नाही. पण पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते, तिने मूत्राशयाला चुरचुर लागते आणि घाई वाढते. मळ कडक होतो आणि वर सांगितलेला दाब वाढतो. जंतूंना वाव मिळतो. उन्हाने भोवळ येऊन पडणं हे त्याही पुढचं. लघवी आवरण्यासाठी केलेला उपाय लघवीच सोडवतो, असं हे चक्र आहे. पाणी दिवसा पुरेसं, सूर्य मावळल्यावर हात आखडता, आणि चहा कमी, एवढा बदल पुरे होतो. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाणी मोजून सांगितलं आहे, त्यांची गोष्ट अर्थात निराळी.

बायकांच्या बाबतीत दुखणं म्हातारपणाची वाटही पाहत नाही. बाळंतपणानंतर लवकर निंदणाला, कापूस वेचायला गेलेली बाई, शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर लघवी धरून ठेवणारी बाई, पाण्याची गुंडं आणि सरपणाचे भारे वाहणारी बाई चाळिशीतच खोकताना गुडघे आवळते. कित्येकींना अंग बाहेर येण्याचा त्रासही सोबत असतो. यांतल्या बहुतेकींनी तो कुणालाही सांगितलेला नसतो. बाईच्या जातीला हे असायचंच, अशी समजूत आईकडून लेकीकडे आलेली असते. खरं म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा या विषयातला सर्वांत भक्कम पुराव्याचा उपाय आहे. आर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये तो मांडला. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात जगभरच्या ३१ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यात खोकल्या-शिंकण्याने लघवी सुटणाऱ्या बायकांपैकी व्यायाम करणाऱ्यांत ५६ टक्के जणींनी त्रास पूर्ण बरा झाल्याचं सांगितलं; व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. या व्यायामाला यंत्र लागत नाही, जागा लागत नाही, पैसा लागत नाही. वारा किंवा शौच अडवताना जे स्नायू आपण आत ओढतो ते आवळायचे, काही क्षण धरायचे, सोडायचे, आणि हे रोज, निदान तीन महिने. अडचणी दोनच आहेत. पहिली म्हणजे तो नीट शिकवावा लागतो, कारण बऱ्याच जणी पोट किंवा मांड्याच आवळतात. दुसरी म्हणजे फरक दिसायला आठवडे लागतात, आणि गोळी-सुईची सवय झालेल्या मनाला तेवढा धीर नसतो. सावंगी आणि सेवाग्राम अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं या एका जिल्ह्यात आहेत, सावंगीला फिजिओथेरपीचं कॉलेजही आहे. ज्ञान दहा-वीस किलोमीटरवर आहे आणि बाई गप्प आहे, हे चित्र मला अस्वस्थ करतं.

आता चौथ्या उत्तराकडे येतो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे गावाकडच्या वृद्धांची सर्वाधिक अडचण इथे आहे. मूत्राशयात मोठा दोष नाही, पण वेळेत पोचता येत नाही. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान सुरू झालं आणि घरोघरी संडास आले, हे मोठंच काम झालं. पण ते संडास कुणाला नजरेसमोर ठेवून बांधले गेले, याचा विचार राहून गेला. बहुतेक ठिकाणी संडास परसात आहे, घराच्या मागच्या दारातून उतरून, अंगण ओलांडून. त्याला दोन पायऱ्या आहेत, दार अरुंद आहे, धरायला काही नाही, आत बसायचं ते उकिडवं. ज्यांचे गुडघे झिजले आहेत, ज्यांना लकवा मारून गेला आहे, ज्यांना रात्री दिसत नाही, त्यांच्या दृष्टीने असा संडास गावात असून नसल्यासारखा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून तिथे जाताना पडून खुब्याचं हाड मोडणं हे तर नेहमीचंच. कागदावर हे घर हागणदारीमुक्त असतं. त्याच घरातली म्हातारी खाटेवर भिजलेली असते.

यावरचा उपाय म्हणजे खाटेशेजारी कमोडची खुर्ची. भांडं बसवलेली, हात टेकवता येतील अशी. बाजारात ती साधारण दीड-दोन हजारांना मिळते. गावचा सुतार जुन्या खुर्चीची बैठक कापून खाली बादली बसवून देऊ शकतो. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कमोडची खुर्ची आहे. राज्याने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या व्यक्तीच्या खात्यात साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये येतात, आणि साधनांच्या यादीत कमोड खुर्चीचं नाव आहे. हाच आकडा डायपरच्या खर्चाशेजारी ठेवून पाहावा. एक डायपर तीस-चाळीस रुपयांचा, दिवसाला तीन लागले तर महिन्याचे तीन हजार. म्हणजे सरकार आयुष्यात एकदा देतं ती रक्कम डायपरमध्ये महिन्याभरात संपते, आणि श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये पंधरा दिवसांत. खुर्ची मात्र वर्षानुवर्षं चालते. तिच्याजोडीला भिंतीला एक आडवा बांबू, रात्रभर एक मिणमिणता दिवा आणि नाडीऐवजी इलास्टिकचा परकर किंवा पायजमा एवढं केलं, तर कित्येकांना डायपर लागतच नाही.

मग खुर्ची घरात का येत नाही? पैशाचं कारण सांगितलं जातं, पण तेच घर डायपरवर पैसे घालत असतं. खरं कारण आहे ते भांडं. खुर्ची आली की भांडं येतं, आणि ते रोज कुणीतरी उचलून रिकामं करावं लागतं. डायपर गुंडाळून फेकता येतो, त्यात काय आहे ते पाहावं लागत नाही. भांड्यात ते दिसतं. दुसऱ्याची विष्ठा हाताने उचलणं हे काम आपल्या समाजाने शतकानुशतकं काही जातींच्या कपाळी लिहून ठेवलं, आणि म्हणून स्वतःच्या आईची उचलतानाही हात मागे येतो. ज्यांना जातीचं नावही काढलेलं आवडत नाही अशी सुशिक्षित घरंही ‘त्यासाठी कुणी बाई मिळेल का’ असं विचारतात, तेव्हा ती बाई कुठल्या वस्तीतून यावी हे त्यांच्या मनात न बोलता ठरलेलं असतं. हाताने मैला उचलायला माणूस नेमण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. आजाऱ्याच्या खाटेजवळची ती जुनी नजर मात्र कायद्याने पुसली गेलेली नाही.

या प्रश्नावर वर्धा जिल्ह्याजवळ स्वतःचं असं काही आहे, आणि ते आठवणीत ठेवावं असं मला मनापासून वाटतं. सेवाग्रामच्या आश्रमात संडास साफ करणं हे प्रत्येकाच्या पाळीचं काम होतं. कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्रींना गांधीजींनी आपल्या कुटीजवळ ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केलं. ती परचुरे कुटी आजही आश्रमात आहे. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं. विनोबा १९४६ नंतर दीर्घकाळ पवनारहून रोज पायी सुरगावला जात, खांद्यावर फावडं घेऊन, आणि रस्त्याकडेची विष्ठा उचलून त्यावर माती टाकत. या गोष्टी आपण पाहुण्यांना आश्रम दाखवताना सांगतो. त्यांचा खरा उपयोग मागच्या खोलीतल्या त्या भांड्यापाशी आहे. मैला उचलणं हे कौशल्याचं आणि प्रतिष्ठेचं काम आहे, हे ज्या मातीत दाखवून झालं, तिथे भांडं रिकामं करायला कमीपणा वाटू नये. तंत्र तसं सोपं आहे : भांड्याच्या तळाशी आधीच थोडं पाणी किंवा राख टाकून ठेवायची, वर झाकण, काम झाल्याबरोबर संडासात ओतायचं, धुऊन उन्हात ठेवायचं, हात साबणाने धुवायचे. त्याला पाच मिनिटं लागतात.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. सेवेचा असा गौरव केला की ती सेवा शेवटी सुनेच्या किंवा लेकीच्या गळ्यात पडते, आणि तिने तक्रार केली तर तिला गांधी-विनोबांची नावं सांगितली जातात. हे अगदी खरं आहे. घरात तीन पुरुष असतात, पण सासऱ्याचा लंगोट बदलायची वेळ आली की सगळे सुनेकडे बघतात; सासऱ्याला त्याची लाज, तिला त्याचा संकोच, आणि मुलगा पानटपरीवर. त्यात ती दिवसा मजुरीला जाणारी असते. तेव्हा त्या इतिहासातून घ्यायचं ते असं की तिथे हे काम सगळ्यांना पाळीने होतं आणि पुढाकार घेणारे पुरुष होते. बापाची शुश्रूषा मुलाने करावी, यात म्हाताऱ्याचा मानही राहतो. घरच्यांना शिकवायचं म्हटलं की मुलाला आणि नातवाला समोर बसवूनच शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. कूस कशी बदलायची, कंबर कशी उचलायची, बायकांचं अंग नेहमी पुढून मागे का पुसायचं, हे एकदा हाताने करून दाखवलं की पुरुष उत्तम करतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि त्यांनी कधी विचारलेलं नसतं.

वेळेचा आक्षेपही असाच वजनदार आहे. ज्यांना स्वतःला सांगता येत नाही, स्मृतिभ्रंश आहे किंवा लकव्यानंतर वाचा गेली आहे, त्यांच्यासाठी ठरावीक वेळी विचारून नेणं हा उपाय चालतो. दर दोन-तीन तासांनी ‘जायचं का’ म्हणून विचारायचं, हो म्हटलं तर न्यायचं, झाल्यावर चांगलं म्हणायचं. सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासात शौचाला बसवायचं, कारण पोटात अन्न गेलं की आतडी आपोआप हलतात. आधी तीन दिवस कालनिर्णयच्या कडेला खुणा करायच्या, किती वाजता कोरडं, किती वाजता ओलं, म्हणजे त्या माणसाची स्वतःची वेळ कळते आणि उगाच दर तासाला उठावं लागत नाही. परदेशांतल्या वृद्धाश्रमांत याने ओलं होण्याची वेळ कमी झाल्याचं दिसलं आहे. मात्र तिथे पगारी माणसं होती. सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरात कुणी नसतं, आणि मुलं पुण्या-नागपूरला असली तर वर्षभर नसतं. मग दर दोन तासांनी विचारणार कोण? याचं प्रामाणिक उत्तर असं की सगळं जमणार नाही. पण पहाटे उठल्यावर, कामाला जायच्या आधी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, परतल्यावर आणि निजताना अशा पाच वेळा बहुतेक घरांना जमतात. मधल्या वेळेपुरतं कापड किंवा डायपर वापरावं. पाचांपैकी तीन वेळा जरी भांड्यात झालं, तरी कातडीला तेवढी उसंत मिळते आणि माणसाला आपलं शरीर अजून आपलं ऐकतं हे कळतं.

डायपरला माझा विरोध नाही हे यावरून दिसेल. नागपूरला तपासणीसाठी बसने जायचं आहे, लेकीच्या घरचं लग्न आहे, शेवटच्या आजारात हलवलं तरी दुखतं आहे, अशा वेळी डायपर माणसाला मोकळीक देतो. तक्रार आहे ती तो लावून विसरण्याची. महाग आहे म्हणून एकच डायपर सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहतो, लघवी आणि मळ एकत्र कातडीवर बसतात, मे महिन्याच्या घामात जांघा सोलून निघतात आणि माकडहाडावर जखम होते. ती जखम भरायला महिने लागतात, कधी ती भरतच नाही. डायपर असो की जुन्या धोतराचं मऊ कापड, भिजलं की बदलायचं, मळ झाला की लगेच. साध्या पाण्याने धुऊन, न घासता टिपून, व्हॅसलिन किंवा झिंकच्या मलमाचा पातळ थर. पावडर नको, ती घड्यांत गोळा होऊन टोचते. जिथे धुणारे हात आणि पाणी आहे, तिथे मेणकापडावर सुती कापडाच्या घड्या हा आजही चांगला पर्याय आहे. फेकण्याचा प्रश्नही आहेच. २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितलं होतं. पण जिथे कचरागाडी येत नाही तिथे तो नाल्यात जातो नाहीतर धुऱ्यावर जळतो. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी २०१८ मध्ये पूर्ण उठला. प्रौढांच्या डायपरवर मात्र तो १२ टक्के राहिला आणि २०२५ च्या सप्टेंबरात ५ टक्क्यांवर आला. तोही उठायला हवा, कारण ज्यांना डायपर खरोखर लागतो त्यांची ती चैन नाही.

नळीबद्दल मात्र मी अधिक कडक आहे. दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी, लघवी तुंबल्यावर किंवा खोल जखम कोरडी ठेवण्यासाठी नळी लागते. पण ‘घरच्यांना सोयीचं’ एवढ्याच कारणाने ती महिनोन्‌महिने ठेवणं म्हणजे जंतूंना रस्ता करून देणं. नळी आत राहिली की लघवीत जंतू शिरण्याचा धोका दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के असतो. महिन्याभरात जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतात. सुट्टी देताना ही नळी कशासाठी आहे आणि कधी काढायची, हे दोन प्रश्न घरच्यांनी विचारलेच पाहिजेत. झाडावरून किंवा विहिरीत पडून मणका दुखावलेल्या तरुणांसाठी तर याहून चांगली वाट आहे. अमेरिकेतल्या जॅक लॅपिडीस या मूत्ररोगतज्ज्ञांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की दिवसातून ठरावीक वेळा स्वतःच बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करता येतं आणि नळी काढून ठेवता येते. त्यासाठी ऑपरेशन थिएटरची निर्जंतुकता लागत नाही, स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं, आज ती जगभरची रीत आहे. सातवी-आठवी शिकलेला तरुणही हे आठवड्याभरात शिकतो आणि पिशवीशिवाय बाहेर जाऊ लागतो.

हे सगळं शिकवणार कोण, या प्रश्नाशी अखेर येऊन थांबावं लागतं. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांची, त्यातले दोन-तृतीयांश खेड्यांत. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला आणि त्यात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणं लिहिलेलं आहे. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअरचं) धोरण आखलं आणि ग्रामपंचायतींच्या मदतीने परिचारिका घरोघर पोचवल्या. म्हणजे हे आपल्याच देशात होऊ शकतं. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं तेव्हापासून तिथले विद्यार्थी गावं दत्तक घेतात, आणि डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या गावांनी ज्वारी देऊन दवाखान्याचा विमा उभा केला. गाव आणि दवाखाना यांच्यात पूल बांधायची सवय इथे जुनी आहे. आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांना संडासला जायला मदत लागते का, असं विचारलेलं आहे. लघवी कपड्यांत होते का, हा प्रश्न त्यात नाही. तो घालावा. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, मोबदला तुटपुंजा आणि उशिरा, त्यात अजून एक रकाना कशाला, हा आक्षेप रास्त आहे, आणि या कामाचा वेगळा मोबदला द्यावा हेच त्याचं उत्तर. विचारायला एक मिनिट लागतं. उत्तर ‘हो’ आलं तर पुढची वाट ठरलेली हवी : प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची आणि साखरेची तपासणी, गोळ्यांवर एक नजर, गरज पडली तर हिंगणघाट-आर्वीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा सेवाग्राम-सावंगीला चिठ्ठी, आणि घरी येऊन भांडं आणि व्यायाम शिकवणारी एक व्यक्ती. ती परिचारिका असेल, फिजिओथेरपी शिकणारी मुलगी असेल, नाहीतर ज्या घराने हे आधी निभावलं आहे त्या घरातला मुलगा असेल. तो शेजारच्या घरी जाऊन दाखवायला तयार असतो, त्याला कुणी बोलावलेलं नसतं एवढंच.